रस्त्यावरचे मूल आणि शाळेची वेळ : अमेरिकेतील बाल-संचारबंदी व गृहशिक्षण

महाराष्ट्रातील नागरिकांनी अनुभवलेली संचारबंदी ही दंगल, महामारी किंवा तत्सम आणीबाणीत लागू होणारी, सर्व वयाच्या लोकांना सारखीच बांधणारी आणि परिस्थिती निवळताच उठणारी असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेकडो शहरांनी मुलांसाठी केलेली संचारबंदी मात्र या तिन्ही बाबतींत वेगळी आहे. ती कायमची असते, ती केवळ ठरावीक वयाखालील व्यक्तींना लागू होते आणि तिच्या मागे कोणतीही तात्कालिक आपत्ती असावी लागत नाही. नगर परिषदेने संमत केलेल्या उपविधीने ही बंदी घातली जाते आणि ती मोडणे हा अमेरिकी कायद्याच्या परिभाषेत 'स्थितिजन्य अपराध' ठरतो, म्हणजे जे कृत्य प्रौढ व्यक्तीने केले तर त्यात काहीही गैर नसते, पण कर्त्याच्या वयामुळेच जे दंडनीय होते, असा अपराध. अशा संचारबंदीचे दोन प्रकार आहेत. रात्रीची संचारबंदी जुनी आणि बहुचर्चित आहे. दिवसाची संचारबंदी, म्हणजे शाळेच्या वेळेत शाळकरी वयाच्या मुलाने सार्वजनिक ठिकाणी असण्यावरील बंदी, ही १९९० नंतर फोफावलेली आहे आणि तिची चर्चा फार कमी झाली आहे. ज्या कुटुंबांची शाळा घरातच भरते त्यांच्यावर या दुसऱ्या प्रकाराचा जो परिणाम होतो, तो प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

रात्रीच्या बंदीचा इतिहास सामान्यतः नेब्रास्का राज्यातील ओमाहा या शहराने १८८० मध्ये केलेल्या उपविधीपासून सांगितला जातो. शहरे वाढत होती, युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांची मुले गिरण्यांत आणि रस्त्यांवर दिसत होती आणि प्रस्थापित मध्यमवर्गाला त्यांच्याविषयी कळकळ आणि धास्ती या दोन्ही भावना एकाच वेळी वाटत होत्या. राष्ट्राध्यक्षपद भूषविलेल्या बेंजामिन हॅरिसन यांनीही या उपायाची वाखाणणी केली होती. तथापि आरंभापासूनच एक विरोधी सूर होता आणि तो नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. टेक्ससमधील ग्रॅहम या लहान गावाने घंटा वाजल्यानंतर तरुणांना रस्त्यावर येण्यास मनाई केली तेव्हा तेथील फौजदारी अपील न्यायालयाने १८९८ मध्ये, 'एक्स पार्टे मॅककार्व्हर' या प्रकरणात, ती रद्द ठरवली. अशी बंदी व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करते आणि जे काम आईवडिलांचे आहे ते नगरपालिकेच्या हाती देते, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच काळात सक्तीच्या शिक्षणाचे कायदेही पसरत होते. १८५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने पहिला कायदा केला आणि १९१८ मध्ये मिसिसिपीने केला तेव्हा कोणतेही राज्य त्यातून बाहेर राहिले नाही. मुलाने शाळेत असावे हा एक विचार आणि मुलाने रस्त्यावर नसावे हा दुसरा विचार, असे हे दोन प्रवाह सुमारे एक शतकभर वेगवेगळे वाहत राहिले. शाळा बुडवणाऱ्या मुलाची विचारपूस हजेरी-अधिकारी करीत असे आणि रात्री भटकणाऱ्याची पोलीस करीत असत.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते १९९० च्या दशकात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अल्पवयीनांच्या हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका वाढत गेल्या होत्या, १९९४ च्या सुमारास त्यांनी शिखर गाठले आणि नंतर त्या उतरू लागल्या. पण उतार लक्षात येण्यापूर्वीच शहरांनी उपाय योजले होते. लॉस एंजेलिसच्या ईशान्येकडील मनरोव्हिया या छोट्या शहराने १९९४ मध्ये दिवसाची संचारबंदी लागू केली आणि पुढच्याच वर्षी खुद्द लॉस एंजेलिसने सकाळी साडेआठ ते दुपारी दीड या वेळेसाठी तसाच उपविधी केला. १९९६ हे निवडणुकीचे वर्ष होते. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मे महिन्यात न्यू ऑर्लिन्समध्ये बाल-संचारबंदीचा जाहीर पुरस्कार केला आणि जुलैमध्ये मनरोव्हियाला भेट देऊन त्या शहराचे कौतुक केले. राष्ट्रीय व्यासपीठावर एखाद्या लहान शहराची अशी पाठ थोपटली गेली की इतर शहरांना तोच कित्ता गिरवावासा वाटतो. महापौरांच्या राष्ट्रीय परिषदेने १९९७ मध्ये केलेल्या पाहणीत माहिती देणाऱ्या ३४७ शहरांपैकी २७६ शहरांत रात्रीची संचारबंदी होती आणि त्यांतील ७६ शहरांत दिवसाचीही होती.

याच सुमारास गृहशिक्षणाची चळवळही उभी राहत होती, हा योगायोग पुढील सर्व संघर्षाच्या मुळाशी आहे. गृहशिक्षण म्हणजे मुलाला शाळेत न पाठवता पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिलेले औपचारिक शिक्षण. १९७७ मध्ये जॉन होल्ट यांनी 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले तेव्हा त्यामागे शाळा या संस्थेविषयीचे शिक्षणशास्त्रीय असमाधान होते. १९८० च्या दशकात मोठ्या संख्येने आलेल्या सनातनी ख्रिस्ती कुटुंबांची प्रेरणा धार्मिक होती आणि १९८३ मध्ये स्थापन झालेल्या 'होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन' या संघटनेने त्यांना कायदेशीर बळ दिले. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण वैध ठरले होते. संघराज्याच्या शैक्षणिक सांख्यिकी केंद्राने १९९९ मध्ये अशा मुलांची संख्या सुमारे ८,५०,००० आणि २०१६ मध्ये सुमारे १७ लाख असल्याचा अंदाज दिला. कॅलिफोर्नियात त्याची पद्धत अशी की पालक दरवर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याच्या शिक्षण विभागाकडे खासगी शाळेचे प्रतिज्ञापत्र दाखल करतात आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचे घर हीच एक लहान खासगी शाळा होते.

या शिक्षणाचा रोजचा व्यवहार कसा असतो हे समजल्याशिवाय दिवसाच्या संचारबंदीचा जाच समजत नाही. दोन-तीन मुलांना एकच पालक शिकवत असल्यामुळे तीस मुलांच्या वर्गाला सहा तास लागणारे काम येथे तीन-चार तासांत आटोपते, आणि उरलेला दिवस शिक्षणाच्याच अर्थाने शहरात जातो : सार्वजनिक ग्रंथालय, संग्रहालय, संगीताची शिकवणी, आठवड्यातून एक-दोनदा अनेक कुटुंबांनी मिळून चालवलेले सामुदायिक वर्ग, मोठ्या मुलांच्या बाबतीत स्थानिक कम्युनिटी कॉलेजातील एखादा अभ्यासक्रम किंवा कोठेतरी केलेले स्वयंसेवी काम. सोळा वर्षांची मुलगी मंगळवारी सकाळी अकरा वाजता एकटी सायकलवरून ग्रंथालयात जाते तेव्हा ती शाळा बुडवत नसते. ती शाळेतच असते, फक्त त्या शाळेला भिंती नसतात. दिवसाच्या संचारबंदीचा उपविधी मात्र याच दृश्याकडे बोट दाखवून त्याला अपराध म्हणतो.

उपविधीच्या समर्थकांचे यावरील उत्तर ठरलेले आहे. बहुतेक उपविधींत अपवाद असतात : पालक सोबत असतील, मूल वैद्यकीय उपचारांसाठी जात असेल, नोकरीवर असेल, त्याच्या शाळेला सुटी असेल, किंवा ते कायदेशीर रीतीने गृहशिक्षण घेत असेल, तर तो अपराध नाही. कागदावर हे समाधानकारक दिसते. परंतु अपवादाचा लाभ केव्हा मिळतो हा खरा प्रश्न आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीनुसार पोलिसाला एखाद्या व्यक्तीस थोडा वेळ थांबवण्यासाठी त्या व्यक्तीने अपराध केला असावा असा वाजवी संशय असावा लागतो. १९६८ च्या 'टेरी विरुद्ध ओहायो' या निकालापासून ही कसोटी प्रस्थापित आहे. दिवसाची संचारबंदी लागू झाली की कोवळा चेहरा आणि घड्याळातील वेळ एवढ्या दोनच गोष्टींवर वाजवी संशय उभा राहतो, कारण अपराधाचे सर्व दृश्य घटक तेवढ्यातच पूर्ण होतात. अपवाद दिसत नाही, तो सांगावा लागतो, आणि सांगण्यासाठी आधी थांबवले जावे लागते. ज्या मुलाने काहीही गैर केलेले नाही, ज्याच्या पालकांनी राज्याच्या कायद्याची प्रत्येक अट पाळली आहे, त्या मुलाला गणवेषधारी, सशस्त्र अधिकाऱ्यासमोर उभे राहून आपण येथे का आहोत याचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब पटला की नाही हे त्या अधिकाऱ्याच्या गृहशिक्षणविषयक माहितीवर आणि त्या दिवशीच्या त्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहते. मुक्त समाजात कायदा पाळणाऱ्या नागरिकाला स्वतःच्या हालचालींचे कारण देण्याचे बंधन नसते. ज्या वयात हा संस्कार मनावर ठसायला हवा, त्याच वयात त्याच्या उलट धडा रस्त्यावर दिला जातो.

मनरोव्हियात नेमके हेच घडले. तेथील गृहशिक्षण घेणाऱ्या मुलांना पोलिसांनी वारंवार थांबवून चौकशी केली आणि काही कुटुंबांनी न्यायालयात धाव घेतली. 'हॅराहिल विरुद्ध मनरोव्हिया' या नावाने नोंदल्या गेलेल्या या प्रकरणात पालकांचा एक महत्त्वाचा युक्तिवाद घटनात्मक नव्हे, तर अधिकारक्षेत्राचा होता : शाळेतील गैरहजेरी हा विषय राज्याच्या शिक्षण संहितेने सविस्तर हाताळलेला असताना नगर परिषदेला त्यात स्वतंत्र अपराध निर्माण करण्याचा अधिकार नाही. या युक्तिवादात तथ्य होते. कॅलिफोर्नियाची संहिता शाळेच्या वेळेत विनाकारण बाहेर आढळलेल्या मुलाला ताब्यात घेऊन शाळेकडे किंवा पालकांकडे पोहोचवण्याचा अधिकार पोलिसांना आधीच देते. पुढची कारवाई हजेरी-समितीपुढे होते, तीत समुपदेशनाला स्थान असते आणि मुलावर अपराधाचा शिक्का लगेच बसत नाही. राज्याच्या अपील न्यायालयाने मात्र २००२ मध्ये निर्णय दिला की शहराचा उपविधी राज्याच्या कायद्याशी विसंगत नाही. निकाल कायदेशीरदृष्ट्या नीटनेटका असला तरी गाभ्याच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. कमी कठोर साधन हाताशी असताना अधिक कठोर साधन उचलण्याची गरज शहराने सिद्ध केली होती का, हा तो प्रश्न होय.

घटनात्मक बाजू याहून गुंतागुंतीची आहे. मुलांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा पालकांचा हक्क संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या काळापासून मान्य केलेला आहे : १९२३ च्या 'मायर विरुद्ध नेब्रास्का' या निकालाने मुलांना परकी भाषा शिकवण्यावरील बंदी मोडून काढली, १९२५ च्या 'पिअर्स' निकालाने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची ओरेगनची सक्ती रद्द केली आणि १९७२ च्या 'विस्कॉन्सिन विरुद्ध योडर' या निकालाने आमिश पंथीय पालकांना आठवीनंतरच्या सक्तीतून सूट दिली. पण याच परंपरेत १९४४ चा 'प्रिन्स विरुद्ध मॅसॅच्युसेट्स' हा निकालही बसतो, आणि बाल-संचारबंदीचा प्रश्न समजण्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एका पालक स्त्रीने नऊ वर्षांच्या मुलीसह संध्याकाळी रस्त्यावर धार्मिक नियतकालिके वाटली होती. न्यायालयाने तिची शिक्षा कायम ठेवली आणि मुलांच्या रस्त्यावरील वावराचे नियमन करण्याचा राज्याचा अधिकार प्रौढांच्या बाबतीतील अधिकाराहून व्यापक असल्याचे म्हटले. या सर्व निकालांचा एकत्रित अर्थ असा लावला गेला की घर आणि शाळेची निवड हे पालकांचे क्षेत्र, तर रस्ता हे राज्याचे क्षेत्र. गृहशिक्षण या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभे आहे, आणि त्याची कायदेशीर अडचण तेथूनच सुरू होते. शाळा निवडण्याचा हक्क पालकांना मिळाला, पण त्या शाळेचे अर्धे वर्ग ज्या रस्त्यापलीकडे भरतात तो रस्ता मात्र त्यांच्या हक्काबाहेर राहिला.

बाल-संचारबंदीच्या वैधतेवर सर्वोच्च न्यायालयाने आजवर निर्णायक मत दिलेले नाही आणि संघराज्याच्या अपील न्यायालयांत, म्हणजे देशाच्या वेगवेगळ्या मंडळांसाठी (सर्किट) असलेल्या न्यायालयांत, मतभेद आहेत. पाचव्या मंडळ न्यायालयाने १९९३ मध्ये डॅलसचा रात्रीचा उपविधी वैध ठरवला, कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९९ मध्ये राजधानी वॉशिंग्टनचा कायदा उचलून धरला. उलट नवव्या मंडळाने १९९७ मध्ये सॅन दिएगोचा १९४७ चा उपविधी रद्द केला आणि त्याने पालकांच्या हक्कावरही अतिक्रमण होते असे म्हटले, तर दुसऱ्या मंडळाने २००३ मध्ये कनेटिकटमधील व्हर्नन गावाची बंदी मोडीत काढली. गृहशिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निकाल सातव्या मंडळाचा आहे. 'हॉजकिन्स विरुद्ध पीटरसन' या २००४ च्या प्रकरणात इंडियाना राज्याच्या कायद्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वापर करणाऱ्या मुलांसाठी बचावाची तरतूद होती, तरीही न्यायालयाने तो कायदा टिकू दिला नाही, कारण अटकेनंतर मांडता येणारा बचाव अटकेची भीती दूर करीत नाही आणि त्या भीतीने मुले आपला हक्क बजावण्याचेच टाळतात. हे प्रकरण रात्रीच्या बंदीचे होते. पण त्यातील तर्क दिवसाच्या बंदीला जसाच्या तसा लागू पडतो.

येथपर्यंतचे विवेचन गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबांच्या बाजूने आहे. पण तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल, कारण या जाळ्यात सापडणाऱ्यांपैकी ती अल्पसंख्य आहेत. लॉस एंजेलिसमध्ये दिवसाच्या संचारबंदीचा खरा मार बसला तो गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना. सार्वजनिक बसने येणारी मुले उशिरा पोहोचत तेव्हा शाळेच्या दारापासून हाकेच्या अंतरावर त्यांच्या हाती २५० डॉलरच्या दंडाची पावती पडे, न्यायालयाचे शुल्क वेगळे, आणि तारखेला मुलाची शाळा बुडे व पालकाचा रोजगार. परिणामी उशीर झालेले मूल शाळेकडे येण्याऐवजी घरीच थांबणे पसंत करू लागले. हजेरी वाढवण्यासाठी केलेला कायदाच मुलांना शाळेपासून दूर ठेवू लागला. त्यातच या शहरातील अनेक सरकारी शाळा जागेच्या टंचाईमुळे बारमाही वेळापत्रकावर, पाळीपाळीने चालत, त्यामुळे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात हजारो मुले रीतसर सुटीवर असत आणि तरीही संशयाच्या कक्षेत येत. विद्यार्थी आणि त्यांच्या संघटनांनी अनेक वर्षे लढा दिल्यानंतर २०११ मध्ये पोलीस विभागाने शाळेकडे निघालेल्या मुलांना पावत्या न देण्याच्या सूचना काढल्या आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये नगर परिषदेने पहिल्या दोन वेळांचा दंड रद्द करून समुपदेशनावर भर दिला.

गृहशिक्षणाच्या संघटना आणि या वस्त्यांतील कार्यकर्ते एकाच उपविधीशी झगडत होते, पण बहुधा एकमेकांपासून दूर राहून. पहिल्या गटाचा भर आपल्या मुलांसाठी अपवाद मिळवण्यावर होता. हा मार्ग मोहक असला तरी तो चुकीचा आहे असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अपवाद मिळाला की तो सिद्ध करण्यासाठी ओळखपत्र लागते, ते सतत जवळ बाळगावे लागते आणि ज्या राज्याच्या नोंदणीपासून मोकळे राहण्यासाठी अनेक कुटुंबांनी गृहशिक्षण स्वीकारले, त्याच राज्याचा परवाना त्यांची मुले गळ्यात घालून फिरू लागतात. शिवाय कोणाचा अपवाद सहज पटतो आणि कोणाचा पटत नाही, हे कातडीच्या रंगावर ठरण्याचा धोका आता गृहशिक्षणाच्या आतही आला आहे. जनगणना कार्यालयाच्या पाहणीनुसार २०२० च्या वसंतात शाळकरी मुले असलेल्या ५.४ टक्के कुटुंबांत गृहशिक्षण होते आणि त्याच वर्षीच्या शरदात ते ११.१ टक्क्यांवर गेले. कृष्णवर्णीय कुटुंबांत मात्र हे प्रमाण ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर पोहोचले. महामारीच्या असाधारण वर्षाचा हा आकडा असला तरी गृहशिक्षण म्हणजे केवळ गोऱ्या, धार्मिक मध्यमवर्गाची गोष्ट, हा समज त्यानंतर टिकत नाही. दोन्ही गटांचे हित एकच आहे, आणि ते अपवाद वाढवण्यात नसून मूळ बंदी काढण्यात आहे.

एवढा जाच सोसून हाती काय लागते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. माइक मेल्स आणि डॅनियल मॅकॅलेअर यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाची आकडेवारी तपासली तेव्हा संचारबंदीच्या कडक अंमलबजावणीचा आणि बालगुन्हेगारी घटण्याचा संबंध त्यांना आढळला नाही. कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संशोधन-आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये १२ अभ्यासांचा एकत्र विचार करून असाच निष्कर्ष काढला. वॉशिंग्टनमध्ये रात्रीच्या संचारबंदीची वेळ दरवर्षी १ सप्टेंबरला मध्यरात्रीवरून अकरावर येत असे; त्या एका तासातील बंदुकीच्या आवाजांची यंत्राने टिपलेली नोंद पाहून जिलियन कार आणि जेनिफर डोलिॲक यांना असे दिसले की बंदी लागू होताच त्या तासातील गोळीबार सुमारे १५० टक्क्यांनी वाढत असे, बहुधा रस्त्यावरील साक्षीदार कमी झाल्यामुळे. दिवसाच्या बंदीचा दुसरा हेतू हजेरी सुधारणे हा असतो आणि या अभ्यासांनी तो मोजलेला नाही, हे मान्य करावे लागते. परंतु गुन्हेगारी कमी करण्याचे आश्वासन देऊन जो कायदा आणला गेला, त्याने ते आश्वासन पाळल्याचे दिसत नाही.

विरोधी पक्षाची एक बाजू दुर्लक्षून चालणार नाही. गृहशिक्षणाच्या नावाखाली मुलांची उपेक्षा, क्वचित छळही, झाकला जाऊ शकतो, आणि शाळेतील शिक्षकाची नजर ज्या मुलावर पडत नाही त्याच्यासाठी कोणीतरी जागे असावे ही अपेक्षा रास्त आहे. पण उपेक्षित आणि पीडित मूल घरात कोंडलेले असते. भर दिवसा ग्रंथालयाकडे निघालेल्या मुलाला अडवणारा कायदा त्या कोंडलेल्या मुलापर्यंत पोहोचत नाही, उलट पोलिसी चौकशीच्या भीतीने पालक मुलांना घराबाहेर पाठवेनासे झाले तर समाजाची उरलीसुरली नजरही हटते. त्या मुलासाठी बालकल्याण यंत्रणा आणि गृहशिक्षणाच्या देखरेखीचे वेगळे, विचारपूर्वक केलेले नियम हवेत, आणि शाळा बुडवणाऱ्यासाठी शाळेकडे असलेली हजेरीची नोंद पुरेशी आहे : ज्याचे नाव पटावर आहे आणि जो आज गैरहजर आहे, त्याच्याच घरी विचारणा व्हावी.

मूळ बंदीच काढून टाकण्याचा विचार स्वप्नवत नाही. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये गृहशिक्षणाला खासगी शाळेचा दर्जा मान्य केल्यानंतरही तेथील शहरे दिवसाची संचारबंदी लागू करीत राहिली आणि २००९ मध्ये डॅलसने तसा उपविधी केला तेव्हा गृहशिक्षण करणाऱ्या पालकांनी त्याला कडवा विरोध केला होता. २०१५ मध्ये त्या राज्याने शाळा बुडवणे हा फौजदारी गुन्हा मानणे सोडून दिले. २०२३ मध्ये विधिमंडळाने त्यापुढचे पाऊल टाकले. 'हाउस बिल १८१९' या कायद्याने, आपत्ती-व्यवस्थापनासाठी घातलेली बंदी वगळता, अठरा वर्षांखालील व्यक्तींवर संचारबंदी घालण्याचा शहरांचा आणि काउंट्यांचा अधिकारच काढून घेतला. त्या कायद्यात गृहशिक्षणासाठी वेगळा अपवाद करण्याची गरज उरली नाही, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून टेक्ससमधील कोणतेही शहर केवळ वय आणि वेळ पाहून मुलाला अपराधी ठरवू शकत नाही.